दुसऱ्यांची जांभळं

बदलापूरजवळच्या चामटोलीत राहायला गेले त्याच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की हिराआक्काला वाळवी लागली आहे. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते आणि मागच्या बाजूने घरमालकीण गड्याला ओरडून सांगत होती, "हिराआक्काच्या बुडाला वाळवी लागलेय, आधी ती खरवड!" मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. तेवढ्यात पुढचं ऐकू आलं, "सुमन पार वाकलेय, तिला टेकू लाव. नि नामदेवभाऊची आशा सोड. त्याला औंदा पाल्याशिवाय काय नाय."

संध्याकाळी दूध आणायला गेले तेव्हा मी भीत भीत विचारलं, "हिराआक्कांची तब्येत कशी आहे आता?" त्या बाईने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली की तिला ओट्यावर टेकावं लागलं. मग मला हाताला धरून मागे घेऊन गेली आणि एका जुन्या, दोन माणसांच्या कवेतही न मावणाऱ्या जांभळाच्या बुंध्यावर थाप मारून म्हणाली, "ही हिराआक्का. माझी मोठी नणंद. खरी हाय ती अंबरनाथला, चांगली धडधाकट."

या आमच्या मथुरावहिनी. मी तेव्हा अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नवी नवी लागले होते. बदलापुरात घर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून नवऱ्याने वहिनींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढे बदलापुरातच कात्रपला फ्लॅट झाला, पण उन्हाळा आला की माझे पाय चामटोलीला वळायचेच. फुकटच्या जांभळांसाठी, असं नवरा म्हणतो. त्याला म्हणू दे.

त्या घराची एक रीत होती. घरात मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी बापाने मागच्या जमिनीत जांभळाचं रोप लावायचं. मुलगा असो की मुलगी, झाड प्रत्येकाला. ते झाड जन्मभर त्याचं. मुलगी लग्न होऊन गेली तरी दर उन्हाळ्यात तिच्या झाडाचं फळ तिच्या सासरी पोचलं पाहिजे, आणि तेसुद्धा तिच्याच झाडाचं. हिराआक्काच्या करंडीत सुमनचं एक जांभूळ गेलं तर तो घराण्याला बट्टा. जमिनीचे वाटे त्यांनी कधी केले नाहीत, पण फळाचे वाटे पिढ्यान्‌पिढ्या असे चोख. मला ही रीत ऐकून भरून आलं होतं. मुलीला माहेरी स्वतःचं झाड! मी दोघीचौघींना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मग एकदा सहज विचारलं, "वहिनी, तुमचं झाड माहेरी असेल ना?"

"माझा बाप मिठागरावर कामाला," त्या म्हणाल्या. "मिठात काय उगवतं गो?"

म्हणजे सगळ्या बागेची उस्तवार करणारी ही बाई त्या बागेत बिनझाडाची होती. सून घरात येते, जन्मत नाही. तेव्हा तिच्या नावाचं रोप कोण लावणार? कुणी वाईट नव्हतं हो त्या घरात. सासू मायेची, नणंदा जीव लावणाऱ्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही, इतकंच. आणि वहिनींनी ते लक्षात आणून दिलं नाही. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं ते बसलंच.

वहिनी उंच, काटक, उन्हाने करपलेल्या. पूर्वी नऊवारी कासोटा, नंतरच्या काळात सगळ्या बदलापूरने घेतला तो वेश, म्हणजे गाऊन आणि खांद्यावर टॉवेल. मे महिना लागला की त्यांचं जेवण उभ्याने व्हायचं. झाडावर चढणारी माणसं पहाटे यायची. जांभळाची फांदी म्हणजे मोठी दगाबाज. दिसायला जाडजूड आणि पाय ठेवला की काडकन मोडणार. माणूस वर असेपर्यंत वहिनी खाली मान वर करून उभ्या. वरून दोरीने टोपली उतरली की ती त्या त्या झाडाच्या लुगड्यावर ओतायची. प्रत्येक झाडाखाली वेगळं जुनं लुगडं अंथरलेलं, म्हणजे घोटाळा नको. निवडायची, पाल्यात रचायची, करंडीला त्या त्या रंगाची चिंधी बांधायची. हिराआक्काची तांबडी, दुसऱ्या नणंदेची, म्हणजे सुमनची, हिरवी, धाकट्या दिराची, म्हणजे नामदेवभाऊची, पांढरी. नवऱ्याची आणि मुलाची बिनचिंधीची, पण तीही ज्याची त्याची. एवढं सगळं करताना या बाईने तोंडात एक जांभूळ टाकलेलं मी पाहिलं नाही. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या झाडाचं खायचं नाही, ही सासऱ्यांची शिस्त. मी बकाबका खायची, कारण मी भाडेकरू. भाडेकरूला शिस्त लागू नव्हती.

"दमलात वहिनी, बसा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पाऊस पडला की निजेन." पाऊस पडला की भाताची लावणी असायची. लावणी झाली की बेणणी, तण काढणं. मग गणपती. पाऊस दरवर्षी पडत होता, वहिनी काही निजत नव्हत्या.

हे सासरे म्हणजे एक वल्लीच होती. घरात सगळे त्यांना दादाबा म्हणत. एकदा कुणाच्या तरी लग्नाला ते नाशिककडे गेले आणि तिथल्या वाइनच्या द्राक्षांचे मळे बघून खुळावून परत आले. येताना ओल्या फडक्यात गुंडाळून काड्या आणल्या. "ते पिकवतात नि आपण काय हात नसलेले हाव?" असं म्हणून त्यांनी विहिरीजवळची भाताची खाचरं मोडून तारा-खांबांचा मांडव घातला. आमच्याकडचा पाऊस चार महिने असा कोसळतो की दगडाला शेवाळ धरतं. त्या पावसात द्राक्षवेल काय तरारली! मांडव हिरवागार झाला, गावातली माणसं बघायला आली. आणि मग पानांवर पांढरी बुरशी आली आणि मणी धरायच्या आधीच सगळं काळं पडून गळालं. दादाबा पुन्हा काड्या घेऊन आले, पुन्हा तेच. दर वर्षी वेलीवर फवारा मारायला वहिनी, कुजकी पानं वेचायला वहिनी. शेवटी एका पावसाळ्यात त्यांनी सासऱ्यांना न विचारता मांडवाच्या चारी खांबांशी घोसाळी टोचली. त्या वर्षी मांडव लगडला. दादाबा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यांची वाइन होत नाय ना?" वहिनी म्हणाल्या, "भजी होतात." त्या दिवशी भजी झाली आणि द्राक्षांचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

पण वाइन मात्र त्या घरात झाली, आणि ती वहिनींनी केली. निवडताना चेंगरलेली, साल फाटलेली जांभळं उरायची. ती करंडीत घालता यायची नाहीत आणि कुणाला हवीही नसायची. कुणाच्याच वाट्याची नव्हती म्हणून ती वहिनींची. त्या सरबत करायच्या. एका वर्षी साखर घालून ठेवलेली बरणी लावणीच्या गडबडीत फडताळातच राहिली. महिन्याभराने सापडली तेव्हा फेस येऊन, शांत होऊन, वर माणकासारखा रस निवळला होता. काशिनाथभावजी, म्हणजे वहिनींचे यजमान, ग्लासभर प्यायले, दुपारी निजले ते दिवेलागणीला उठले आणि म्हणाले, "उद्या पन दे." मग दर वर्षी एक बरणी ठेवायची प्रथाच पडली. मी कारखान्यातली, मला आंबवण्याचं थोडं कळत होतं. बरणी गळ्यापर्यंत भरा, वर हवा ठेवू नका, एवढं मी सांगितलं. बाकी हात त्यांचाच. आंबटगोड, किंचित तुरट, जिभेवर जांभळा डाग ठेवणारी ती वाइन मी पुढे विकतच्या बाटल्यांत पुष्कळ शोधली. नाही मिळाली.

दादाबा गेले, काशिनाथभावजीही गेले. वहिनींचा मुलगा महेश नोकरीला कंटाळून घरी आला आणि त्याने ती बरणी नाशिककडच्या एका वाइनवाल्याला चाखायला दिली. तो माणूस थेट चामटोलीला हजर. म्हणाला, "मावशी, सगळ्या बागेचं फळ एकत्र करा, मोठ्या टाकीत एकदम घालू. माल मी उचलतो." महेशने पाटीचं डिझाइनसुद्धा मोबाइलवर करून ठेवलं होतं.

पडवीत सगळे जमले. हिराआक्का अंबरनाथहून आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझं जांभूल नामदेवच्या जांभलात गेल्यावर माझ्या झाडाचं काय राहिलं?"

"पैशांत वाटा मिळेल ना आत्या," महेश म्हणाला.

"पैसे झाडाला लागतात कं?"

महेशने आईकडे पाहिलं. मला वाटलं, ही एक बाई आता मुलाच्या बाजूने बोलेल. हिचं कुठे झाड अडकलंय? पण रीतीला सगळ्यात घट्ट धरून बसलेल्या वहिनीच निघाल्या. "सासऱ्यांनी वाटे मोडू नका सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याच्या पिंपात घाला. मंग नेऊ दे त्याला."

मी म्हटलं, एकेका झाडाच्या फळाने पिंप अर्धंसुद्धा भरणार नाही, वर हवा राहील, नासेल. पण मी भाडेकरूसुद्धा नव्हते तेव्हा, नुसती पाहुणी. पाहुणीचं कोण ऐकतं?

वहिनी आणि मी उल्हासनगरला निळी पिंपं आणायला गेलो. सिंधी दुकानदाराने ढीग बघून विचारलं, "अम्मा, इतने ड्रम? घर में शादी है क्या?" वहिनी म्हणाल्या, "नाय रे बाबा, सबका अलग अलग रखनेका है." तो म्हणाला, "अच्छा, तो बँटवारा है." वहिनींना ते फार लागलं.

पिंपांवर ऑइलपेंटने नावं घातली. पावसाळाभर ती पडवीत रांगेने उभी होती आणि पडवीतून जाताना सगळं घराणं हजेरीला उभं असल्यासारखं वाटायचं. नवरात्राच्या सुमारास वाइनवाला आला. नामदेवभाऊचं झाकण उघडलं आणि पडवीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिराआक्का उघडली, सुमन उघडली. तोच वास. त्याने बोट बुडवून चाटलं आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "मावशी, सिरका झालाय. सिरका म्हणून मात्र एक नंबर आहे." मग फडताळातल्या वहिनींच्या बरणीतली त्याला घोटभर दिली, सगळ्यांच्या चेंगरलेल्या फळांची, एकत्र कालवलेली. त्याने डोळे मिटले. "ही! ही पाहिजे होती मला," म्हणाला आणि चहा घेऊन निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

यातून कुणी काही बोध घेतला असेल म्हणावं, तर तेही नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. वहिनींनी मात्र बाटल्या धुतल्या, सिरका गाळला आणि प्रत्येकाला आपापल्या झाडाचा सिरका घरपोच केला. दोनेक वर्षं ते सगळं गणगोत कांदा सिरक्यात बुडवून खात होतं. महेश पुन्हा नोकरीला लागला.

त्यानंतर वहिनी एकदम थकल्या. थकल्या म्हणजे काम थांबलं असं नाही, पण दोन कामांच्या मध्ये त्या कुठेतरी बघत उभ्या राहायला लागल्या. झाडावर चढणारी माणसं मिळेनात; त्यांची पोरं आता पार्सलं पोचवतात आणि त्यांचं काय चुकलं? बागेच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या. एका बाजूच्या गच्चीवरून कुणीतरी रोज खरकटं नामदेवभाऊवर टाकायचं. तरी करंड्या पोचत होत्या. गुडघ्याला पट्टा बांधून वहिनी रिक्षातून अंबरनाथला हिराआक्काची करंडी स्वतः देऊन यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जा!" त्या म्हणाल्या, "माहेरचं असं असतं होय? आणायला गेलं तर मंग ते बाजारातलं झालं."

मग बिल्डर आला. यायचाच होता. महेशला मुलीचं शिक्षण होतं, नामदेवभाऊंना हृदयाचं दुखणं, सुमनताईंच्या घरात सून आणि सासू एका खोलीत. प्रत्येकाचं कारण खरं होतं. मी कुणाला नावं ठेवू? मी स्वतः जिथे राहते तिथेही कुणाची तरी आमराई होती.

सह्यांच्या आधी सगळे पुन्हा पडवीत बसले. वहिनींनी मला बोलावून घेतलं होतं. "तू ये, मना एकटीला बरं नाय वाटत," म्हणाल्या. एवढ्या गणगोतात एकटीला! बिल्डरकडून एक आर्किटेक्ट मुलगी आली होती, चुणचुणीत, आदबशीर. तिने नकाशा पसरला आणि म्हणाली, "बागेतली दोन-तीन झाडं आम्ही लँडस्केपमध्ये ठेवू शकतो. कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा." झालं. हिराआक्का म्हणाल्या माझं, सुमनताई म्हणाल्या माझं, नामदेवभाऊंनी तर त्यांचं झाड नकाशात गेटपाशीच येतं हे आधीच हेरून ठेवलं होतं. आवाज चढले. त्या गलक्यात ती मुलगी कोपऱ्यात चहाचे कप भरणाऱ्या वहिनींकडे वळली आणि सहज म्हणाली, "आजी, तुमचं झाड कुठलं? तुम्ही काहीच बोलत नाही."

एवढ्या वर्षांत त्या घरातल्या कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि तो विचारला एका परक्या मुलीने, हातात पेन्सिल घेऊन. हिराआक्कांचा चेहरा मी विसरणार नाही. ती बाई कठोर नव्हती. ती मनात झाडं मोजत होती आणि तिला वहिनींचं झाड सापडत नव्हतं. मग त्या उठल्या, वहिनींच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "वयनी, माझं घे. माझं ते तुझं." लगेच सुमनताई, "माझं पन घे गो." नामदेवभाऊसुद्धा म्हणाले, "गेटवरचं वयनीच्या नावाने ठेवा."

वहिनींनी किटली खाली ठेवली. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढलेला मी फक्त बागेतल्या गड्यांशी बोलताना ऐकला आहे.

"आता तोडायच्या टायमाला देता होय मना झाड?" त्या म्हणाल्या.

त्या मुलीने नकाशा हळूच गुंडाळला. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. वहिनींनी मात्र उरलेले कप भरले आणि सगळ्यांच्या हातात चहा दिला, नेहमीच्या क्रमाने, मोठ्या नणंदेपासून.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. पुढे हिराआक्कांनीच सगळ्यांना फोन करून ठरवलं, की एक उन्हाळा जाऊ दे. सह्या पावसाळ्यात. आणि या उन्हाळ्याची आख्खी बाग वयनीची. कुणी एक करंडी मागायची नाही. बिल्डरची काही परवानगी तशीही अडकली होती, त्यामुळे त्यानेही ताणलं नाही. हे मला फोनवर कळलं तेव्हा बरं वाटलं. उशिरा का होईना, बाईच्या पदरात काही पडलं. मी मनात बेतही करून टाकला: मोठ्या बरण्या आणू, गळ्यापर्यंत भरू, वहिनींच्या नावाची वाइन करू.

मेच्या अखेरीला रिकाम्या बरण्या घेऊन मी रिक्षाने चामटोलीला गेले. रस्त्यावरूनच वास आला, गोड, आंबूस, डोक्यात चढणारा. मागे गेले तर पाय चिकटायला लागले. सगळी जमीन जांभळी झाली होती. लुगडी अंथरलेली नव्हती, दोऱ्या-टोपल्या खुंटीला तशाच. नामदेवभाऊनेसुद्धा त्या वर्षी कधी नव्हे ते मनापासून धरलं होतं. साळुंक्यांचा नुसता कालवा. शेजारच्या इमारतीतल्या दोन बायका कुंपणापलीकडून वाकून पिशव्या भरत होत्या. मला बघून ओशाळल्या, आणि कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर पुन्हा भरू लागल्या.

वहिनी मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्याचा पट्टा काढून बाजूला ठेवलेला. मांडीत काही काम नाही, समोर विळी नाही, हातात भाजी नाही. माझी गडबडच उडाली.

"अहो वहिनी, माणसं नाही मिळाली का? मी बघू का कात्रपला कुणी?"

"मिळाली होती. परत धाडली."

"मग निदान खालची तरी वेचूया. वाइनला चालतील. मी बरण्या आणल्यात," म्हणून मी टोपली घ्यायला खुंटीकडे वळले.

"ठेव ती," त्या म्हणाल्या.

"वाया चाललंय हो सगळं!"

"हो."

मी टोपली घेऊन तशीच उभी. वर कुठेतरी एक घोस सुटला आणि न्हाणीच्या पत्र्यावर धडधडत आला. मी दचकले. वहिनींनी मान वळवली नाही.

"औंदा माझी हायेत ना सगली?" त्यांनी विचारलं.

"हो, तुमचीच."

"मंग पडू दे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय लांब केले.